भिंतीला ताप आला तर...

"बंब म्हणजे काय रे?" असं मी परवा चौथीच्या वर्गात विचारलं. निम्मी मुलं म्हणाली, "बाई, आंघोळीचं पाणी तापवायचा!" उरलेली ओरडली, "नाही बाई, आग विझवायची लाल गाडी!" मग काय, वर्गात दोन पक्ष पडले आणि भांडण जुंपलं.

मुलांनो, दोन्ही उत्तरं बरोबर होती. आमचं महाळुंगे पडवळ हे आंबेगाव तालुक्यातलं गाव. हुतात्मा बाबू गेनूंचं गाव म्हणून तुम्ही त्याचं नाव वाचलं असेल. इथे थंडीच्या दिवसांत पाण्याचा बंब अजूनही काही घरांच्या मागच्या दारी धुमसताना दिसतो. दुसरा बंब, म्हणजे लाल गाडी, मात्र वर्गातल्या बहुतेक मुलांनी चित्रातच पाहिलेली. खेड्यात एखादं घर पेटलं, कुणी फोन केला, तरी त्या गाडीला लांबचा रस्ता कापून यावं लागतं. आणि आग काही तोवर ओट्यावर बसून वाट बघत नाही! म्हणून खेड्यातल्या घराचा पहिला बंब म्हणजे घरातलीच माणसं. त्यातही सगळ्यांत उपयोगी बंब कोणता, ते शेवटी सांगते.

आगीचं नाव काढलं की सगळ्यांना स्वयंपाकघर आठवतं. पण तिथे आईचं, आजीचं लक्ष असतं. दूध उतू गेलं तरी चार जण धावतात. आपली बाहेरची खोली, म्हणजे आताच्या भाषेत हॉल, तिच्याकडे कुणाचं लक्ष असतं? पूर्वी ओसरीवर काय असायचं? एक घोंगडी, खुंटीला कंदील, कोपऱ्यात पाण्याचा तांब्या. आता त्याच जागी फोमचा सोफा, नायलॉनचे पडदे, टीव्ही, त्याचा डबा, इन्व्हर्टर, पाच मोबाइलचे पाच चार्जर, शोकेस आणि भिंतीवर देव्हारा. पेटणाऱ्या वस्तू वाढल्या, पेटवणाऱ्याही वाढल्या. जागा मात्र तेवढीच राहिली.

बोंबलाचा वास

आधी माझीच फजिती सांगते. गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. माझी मुलगी दुसरीत आहे. संध्याकाळी सोफ्यामागे भिंतीला टेकून ती पाढे पाठ करत होती. मध्येच म्हणाली, "आई, भिंतीला ताप आलाय."

मी वह्या तपासत होते. म्हटलं, "पाढे चुकवायला बरी कारणं सापडतात तुला! बस गुपचूप."

दुसऱ्या दिवशी ती नाक मुरडत म्हणाली, "आई, बोंबील भाजल्यासारखा वास येतोय." मी म्हटलं, "असेल शेजारी कुणाकडे."

तिसऱ्या दिवशी टीव्हीचं चित्र सारखं जायला-यायला लागलं. सोफ्यामागून चर्र-चर्र असा आवाज आला. सोफा ओढून बघते तर काय! ज्या सॉकेटमध्ये एक्स्टेन्शन बोर्डाची पिन होती, ते काळं पडलेलं आणि त्याच्यावर पडद्याचं टोक लोंबतंय. माझ्या पोटात गोळाच आला. धावत जाऊन मेन स्विच बंद केला.

सकाळी वायरमन आला. त्यानं बोर्ड उघडून दाखवला. आतलं प्लॅस्टिक मेणासारखं वितळलं होतं. कारण काय, तर एक स्क्रू ढिला! तो म्हणाला, "बाई, आणखी एखादी रात्र गेली असती, तर पडद्यानं धरलं असतं."

तीन दिवस घरातलं सगळ्यांत लहान माणूस सांगत होतं आणि वर्गात 'अपघात टाळा' शिकवणारी मी ऐकत नव्हते!

तार का तापते?

आता तुम्ही विचाराल, एवढ्याशा स्क्रूनं आग कशी लागेल? शाळा सुटते तेव्हा बघा. मोठं फाटक उघडं असलं की मुलं सरळ बाहेर पडतात. पण फाटक अर्धवटच उघडं असलं, की त्याच फटीतून सगळी घुसतात, ढकलाढकली होते आणि अंग तापतं. विजेचंही काहीसं तसंच. स्क्रू घट्ट असला की वीज सरळ जाते. ढिला असला की तिला कसंबसं टेकलेल्या एवढ्याशा जागेतून जावं लागतं. तिथे उष्णता तयार होते, ठिणग्या उडतात, प्लॅस्टिक करपतं आणि तोच वास आपल्याला माशासारखा वाटतो.

तापण्याचं दुसरं कारण म्हणजे जास्तीचं ओझं. चला, थोडं गणित करू. आपल्याकडे घरातला विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. टीव्हीमागचा साधा सॉकेट ६ अँपिअरचा. २३० गुणिले ६ किती? १३८०. म्हणजे त्या सॉकेटवर १३८० वॉटपेक्षा जास्त ओझं घालायचं नाही. आता समजा, शाळेची घाई आहे. त्याच्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर कुणी १००० वॉटची इस्त्री लावली, बादलीत १५०० वॉटचा रॉड टाकला आणि ६० वॉटचा टीव्ही चालूच आहे. बेरीज झाली २५६० वॉट. भागिले २३०, म्हणजे ११ अँपिअरच्या वर. सहाच्या जागी अकरा!

आणि गंमत, खरं तर धोका, पुढेच आहे. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. प्रवाह तिप्पट, तर उष्णता नऊपट. म्हणून इस्त्री, रॉड, हीटर यांना १६ अँपिअरचा मोठा सॉकेट हवा आणि एका वेळी एकच वस्तू हवी. एक्स्टेन्शन बोर्डाला दुसरा बोर्ड जोडून आगगाडी तर करूच नये.

"पण बाई, आमच्याकडे एमसीबी आहे. तो आपोआप पडतो," असं एक मुलगा म्हणाला. शाबास! एमसीबी हवाच. पण तो सांभाळतो भिंतीतल्या वायरिंगला. १६ अँपिअरचा एमसीबी ११ अँपिअरला पडणार नाही. तोवर ६ अँपिअरचा बोर्ड मात्र वितळत राहील. स्क्रू ढिला असेल तर प्रवाह वाढतच नाही, म्हणून एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. माझ्या घरी नेमकं तेच झालं. आणि ज्यांच्याकडे जुना फ्यूज आहे, त्यांनी तो सारखा जातो म्हणून त्यात जाड तार गुंडाळली, तर राखणदाराला झोपेची गोळी दिल्यासारखंच झालं.

धुमसणारी आग

सगळ्याच आगी भडकन पेटत नाहीत. कापूस, कापड, गोधडी यांत ठिणगी पडली की ती आतल्या आत धुमसते. ज्वाळा नाही, आवाज नाही. तासन्‌तास तशीच राहते आणि मग वारा मिळाला की भडकते.

याचं एक फार मोठं उदाहरण आपल्या मुंबईचं आहे. १४ एप्रिल १९४४. दुसरं महायुद्ध चालू होतं. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकाइन' नावाचं जहाज उभं होतं. त्यात दारूगोळा होता आणि कापसाच्या गाठीही होत्या. आग लागली ती कापसात. ती आत धुमसत राहिली. धूर दिसला तेव्हा अग्निशामक दलाचे जवान धावले, पाणी मारत राहिले. पण आग नेमकी कुठे आहे तेच हाती लागेना. दुपारी चारच्या सुमारास जहाजाचा स्फोट झाला आणि थोड्या वेळानं दुसरा. शेकडो माणसं गेली. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. १४ एप्रिलला आपण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती साजरी करतो. त्याच दिवशी या जवानांची आठवण म्हणून देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात आणि २० एप्रिलपर्यंत अग्निशमन सप्ताह असतो.

आपली गोधडी म्हणजे छोटीशी कापसाची गाठच. आजोबांची अर्धवट विझलेली बिडी, गादीच्या कडेला ठेवलेली डासांची अगरबत्ती, पलंगाखाली सरकवलेली निखाऱ्यांची शेगडी, यांतलं काहीही तिला पुरतं. डासांची अगरबत्ती पत्र्याच्या ताटलीत, अंथरुणापासून आणि पडद्यापासून लांब ठेवा. शेगडी तर बंद खोलीत घेऊन झोपूच नका. आग लागली नाही तरी कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायू झोपेतच जीव घेतो. त्याला ना रंग ना वास.

देवापुढचा दिवा

दिवा लावू नका असं मी मुळीच म्हणणार नाही. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावून 'शुभं करोति' म्हणण्यात जे समाधान आहे, ते कशात नाही. पण दिवा लावण्याचीही रीत असते. समई किंवा निरांजन परातीत, थोड्या वाळूवर ठेवावं. म्हणजे दिवा कलंडला, वात खाली पडली, तरी परातीतच राहील. डोक्यावर पडदा, झालर, कॅलेंडर काही नको. घराबाहेर पडताना आणि झोपताना दिवा शांत करावा. उंदीर तुपाची वात ओढून नेतो, हे आपल्या आज्या सांगत आल्या आहेत. ती काही नुसती गोष्ट नाही!

गणपतीत तर बाहेरच्या खोलीचं रूपच पालटतं. मखर, कापडी झालरी, कागदी फुलं, लाइटच्या माळा, आणि त्यातच निरांजन, उदबत्ती, कापूर. थर्माकोलच्या सजावटीवर आपल्या राज्यात २०१८ पासून बंदी आहे. ती पर्यावरणासाठी आहे. पण आगीच्या दृष्टीनंही थर्माकोल वाईटच. तो पटकन पेटतो, वितळून ठिबकतो आणि काळा धूर सोडतो. माळांच्या वायरी सोलून, सॉकेटात काड्या खोचून जोडू नका; पिन लावा. रात्री आरती झाली की मखराचे दिवे बंद करा. बाप्पालाही झोप हवीच की! दिवाळीत पणत्या उंबऱ्यात, ओट्यावर शोभतात. खिडकीच्या पडद्याखाली नाही.

वसईची पहाट

आता एक गोष्ट सांगते. ती वाचताना वाईट वाटेल. पण सांगायला हवी.

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत एका घरी विजेवर चालणाऱ्या स्कूटरची बॅटरी रात्री काढून हॉलमध्ये चार्जिंगला लावली होती. त्याच खोलीत सात वर्षांचा एक मुलगा आजीजवळ झोपला होता. पहाटे बॅटरीचा स्फोट झाला. मुलगा खूप भाजला. रुग्णालयात साधारण आठवडाभर तो झुंजला आणि गेला. तुमच्याएवढाच होता तो, मुलांनो.

त्या घरात कुणी वेडेपणा केला होता का? नाही. आपण सगळे मोबाइल लावतो, तशीच त्यांनी बॅटरी लावली होती. मोबाइलमध्ये, लॅपटॉपमध्ये, बहुतेक नव्या विजेच्या गाड्यांमध्ये लिथियमची बॅटरी असते. लहान जागेत खूप ऊर्जा साठवायची, हे तिचं कसब. पण ती बिघडली, पडून आत चेपली, चुकीच्या चार्जरनं तापली, तर एक कप्पा तापून शेजारच्याला तापवतो, तो पुढच्याला, आणि क्षणात सगळी पेटते. तेव्हा हे लक्षात ठेवा: गाडीची बॅटरी माणसं झोपतात त्या खोलीत किंवा दाराच्या वाटेवर चार्जिंगला लावायची नाही. पडवीत, सावलीत, मोकळ्या जागी लावायची, आणि जागेपणी. उन्हातून आलेली गाडी आधी थंड होऊ द्यायची. चार्जर तिचाच हवा. बॅटरी फुगली, गळली, वास आला, की वापर बंद. आणि मोबाइल उशीखाली ठेवून चार्जिंग करायचं नाही, कधीच नाही!

धूर, दार आणि किल्ली

३ एप्रिल २०२४ रोजी छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात पहाटे कपड्यांच्या एका दुकानाला आग लागली. वरच्या मजल्यावर राहणारी एकाच कुटुंबातली सात माणसं गेली. आगीच्या ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या. धुरानं ती गुदमरली. झोपलेल्या माणसाला धुराचा वास जागं करत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. सोफ्यातला फोम, नायलॉनचे पडदे जळाले की विषारी काळा धूर निघतो आणि काही मिनिटांत खोली भरते.

आमच्या जुन्नर-आंबेगावात आणखी एक अडचण आहे. उसात बिबटे आहेत. त्यामुळे पूर्वीसारखं अंगणात झोपणं नाही. संध्याकाळ झाली की दारं-खिडक्या घट्ट लावायच्या, खिडकीला जाळी, दाराला आतून कुलूप. हे बरोबरच आहे. पण त्या कुलपाची किल्ली रात्री कुठे असते, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे का? मी वर्गात विचारलं, तर मुलं एकमेकांकडे बघायला लागली. कुणाची किल्ली बाबांच्या खिशात, कुणाची आजीच्या उशाखाली. आजच ठरवा: किल्ली दाराजवळ एकाच खिळ्याला, अंधारात हाताला लागेल अशी. दारापुढे सायकल, पोती, चपलांचा ढीग नको.

आणि आग लागलीच तर? हे पाठ करा:

• "आग! आग!" असं मोठ्यानं ओरडा. सगळ्यांना उठवा.
• धूर वर चढतो, खाली हवा बरी असते. म्हणून जमिनीलगत रांगत दाराकडे जा.
• पलंगाखाली, कपाटात लपू नका. दप्तर, मोबाइल, पैसे, कशासाठीही परत आत जाऊ नका.
• बाहेर सगळ्यांनी भेटायची एक जागा आधीच ठरवून ठेवा. तिथे माणसं मोजा.
• बाहेर आल्यावर फोन करा: अग्निशामक दल १०१, कोणत्याही संकटात ११२, रुग्णवाहिका १०८. गाव, वाडी, जवळची खूण नीट सांगा.
• कपड्यांनी पेट घेतला तर पळू नका. थांबा, तोंडावर हात घेऊन आडवे पडा, लोळा. जवळचे लोक घोंगडी टाकू शकतात. लोकर सहजी पेटत नाही.
• विजेच्या आगीवर पाणी टाकायचं नाही. मोठी माणसं आधी मेन स्विच बंद करतील.
• भाजलेल्या जागी वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नका. मग डॉक्टरकडे.

शनिवारची तपासणी

शनिवारी सकाळची शाळा असते. दुपारी घरी आलात की एक काम करा. आई, बाबा, काका, आजोबा, कुणाही एका मोठ्या माणसाला बरोबर घ्या आणि बाहेरच्या खोलीत फेरी मारा. नियम एकच: डोळे, नाक, कान तुमचे, हात मोठ्यांचा. तुम्ही सॉकेटला, पिनेला, वायरीला हात लावायचा नाही.

डोळ्यांनी बघा: सॉकेट काळं-पिवळं पडलंय का? वायर सोललीय, गालिच्याखालून किंवा दाराच्या फटीतून गेलीय का? पडदा बोर्डावर लोंबतोय का? उंदरानं काही कुरतडलंय का?

नाकानं हुंगा: जळकट किंवा माशासारखा वास येतोय का?

कानांनी ऐका: बोर्डातून चर्र-चर्र आवाज येतोय का?

मोठी माणसं आधी बटण बंद करतील आणि कोरड्या हाताच्या मागच्या बाजूनं बोर्डाजवळची भिंत चाचपतील. आपण ताप बघतो ना कपाळाला, तसं. सापडलेलं वहीत लिहा, तारीख घाला आणि दुरुस्त झालं की पुढे बरोबरची खूण करा.

आई-बाबांसाठी

मोठ्यांनो, तुमच्याशीही दोन शब्द. वायरमनला बोलावून बाहेरच्या खोलीतले स्क्रू आवळून घेणं, काळं पडलेलं सॉकेट बदलणं, याला फार खर्च येत नाही. जमलं तर धुराचा इशारा देणारं छोटं यंत्र छताला बसवा. झोपेत नाक काम करत नाही, ते करतं. काडेपेटी आणि लायटर लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

आणि यांतलं सगळं जमलं नाही, तर एक तरी करा. मूल काही सांगायला आलं की हातातलं काम ठेवून दोन मिनिटं उठा. घरातलं मूल जमिनीवर बसतं, भिंतीला टेकतं, सोफ्यामागे लपतं. जिथे आपण कधी वाकून बघत नाही, तिथे त्याचा रोजचा वावर असतो. ते म्हणेल, "वास येतोय." कदाचित खरंच शेजारी बोंबील भाजत असतील. दहापैकी नऊ वेळा तसंच निघेल. निघू दे. "बरं झालं सांगितलंस," एवढं म्हणा. नाहीतर दहाव्या वेळी ते सांगायचं नाही.

तर मुलांनो, कळलं ना सगळ्यांत उपयोगी बंब कोणता? तुम्हीच! आग विझवायला नाही हं. ते मोठ्यांचं काम. ती लागण्याआधी सांगायला. एकदा सांगून कुणी ऐकलं नाही, तर दुसऱ्यांदा सांगा. आईनं ऐकलं नाही, तर आजीला सांगा.

आमच्या घरी आता दर शनिवारी तपासणी असते. मुलगी पुढे नाक उडवत चालते, मी मागून भिंती चाचपते. परवा शोकेसजवळ थांबून ती म्हणाली, "आई, इथे बघ गं, ताप आहे का." मी वही बाजूला ठेवली आणि उठले. भिंत गारच होती.

"नाही गं, बरी आहे आज," मी म्हटलं. तिनं वहीत बरोबरची खूण केली आणि आम्ही पुढच्या भिंतीकडे गेलो.